चाकणची महापालिका आणि आठ वक्ते

‘हे सभागृह चाकण औद्योगिक परिसरासाठी स्वतंत्र महापालिका स्थापन करेल.’

सांघिक वादविवादाची रचना समजावून सांगायला हा ठराव घेऊ. तो काल्पनिक म्हणावा तर तसाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये चाकणच्या वाहतूक कोंडीची पाहणी करताना अजित पवारांनी पुणे जिल्ह्यात नव्या महापालिकांची गरज बोलून दाखवली, तेव्हा त्यात चाकणचं नाव होतं. त्याच्या आधीपासून हा वाद खेड तालुक्यात चहाच्या टपरीवर चालूच होता. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज यांचे कारखाने एका बाजूला आणि त्यांच्या भोवती ग्रामपंचायती दुसऱ्या बाजूला, असं हे विचित्र गाव-शहर आहे. तळेगाव चौकात कंटेनर अडकला तर तक्रार करायची कोणाकडे? महामार्ग केंद्राचा. वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे. परिसराचं नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचं. चाकण गावापुरती नगरपरिषद आणि त्यापलीकडे महाळुंगे, निघोजे, कुरुळी अशी गावं आपापल्या सरपंचासह.

स्पर्धेसाठी हा ठराव चांगला आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना वजन आहे आणि कोणत्याही बाजूला नुसत्या घोषणेवर जिंकता येत नाही. ‘चाकणच्या समस्या’ असं शीर्षक दिलं असतं तर आठही वक्ते कोंडीवर हळहळून खाली बसले असते.

आता तोच ठराव आपल्या ओळखीच्या आंतरमहाविद्यालयीन मराठी वादविवाद स्पर्धेत कसा गेला असता ते पाहा. संघ दोघांचा. त्यातला एक अनुकूल बाजूने बोलणार, दुसरा प्रतिकूल. विषय कितीतरी दिवस आधी परिपत्रकात छापून आलेला. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, मग इशाऱ्याची घंटा, मग शेवटची घंटा. दोघांच्या गुणांची बेरीज होते आणि ज्या महाविद्यालयाची बेरीज मोठी, त्याला फिरता करंडक. पंधरा-वीस महाविद्यालयं आली तर तीस-चाळीस भाषणं ओळीने होतात. तिसऱ्या क्रमांकाच्या वक्त्याने मांडलेला मुद्दा तेविसाव्या क्रमांकाचा वक्ता खोडेल, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. त्याने ते भाषण ऐकलं असेल याचीही खात्री नसते. तो बहुधा व्हरांड्यात आपलं भाषण पुटपुटत असतो. शिवाय या संघातल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध बोलायचं आणि बक्षीस मात्र एकत्र घ्यायचं! आपल्याच जोडीदाराचा मुद्दा कोण मनापासून खोडून काढील?

या प्रकारातून उत्तम वक्ते घडले हे खरं आहे. पाठांतर, आवाजाची चढउतार, श्रोत्यांवर पकड हे सगळं तिथे शिकता येतं. पण त्याला वादविवाद म्हणणं मला जड जातं. ती दोन रंगांत विभागलेली वक्तृत्व स्पर्धा आहे. संसदीय पद्धतीने खेळणारी मुलं तिला ‘कन्व्हेन्शनल’ म्हणतात, आणि त्या उच्चारात थोडी तुच्छता असते.

मराठी मुलखाला समोरासमोरचा वाद नवा नाही. १८३१ मध्ये मुंबईत मोरोभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा धर्मावर जाहीर वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत राहिले. त्याचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपाने निघाला. तिथे आधी लिहून आणलेलं भाषण किती उपयोगी पडणार? समोरच्याने काय विचारलं त्यावर पुढचं वाक्य ठरायचं. पुढे सभा, मंडळं, व्याख्यानमाला आल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. जाहीर बोलण्याला त्यामुळे मोठी प्रतिष्ठा मिळाली, पण ती एकट्याने बोलण्याला. खोडून काढण्याचं अंग मागे पडलं.

ते अंग जपणारी आजची सर्वांत प्रचलित रचना म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटरी, बोलीत ‘बीपी’. विद्यापीठांची जागतिक स्पर्धा याच पद्धतीने होते. ती १९८१ मध्ये ग्लासगोला सुरू झाली आणि २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली. एका खोलीत चार संघ, प्रत्येक संघात दोघे, प्रत्येकाला सात मिनिटं. दोन संघ सरकारच्या बाजूचे, दोन विरोधी. कोणाला कोणती बाजू आणि कोणती जागा हे स्पर्धेच्या सोडतीवर ठरतं. वक्त्याचं स्वतःचं मत कोणी विचारत नाही. ठराव जाहीर झाला की तयारीला पंधरा मिनिटं. इंटरनेट नाही, प्रशिक्षक नाही. चाकणबद्दल जे डोक्यात असेल तेवढंच हाताशी.

पहिला बोलतो पंतप्रधान. त्याचं पहिलं काम व्याख्या करणं. ‘चाकण औद्योगिक परिसर’ म्हणजे नेमकी कोणती गावं? नुसतं चाकण धरलं तर ठराव उभाच राहत नाही, कारण राज्याच्या निकषांनुसार महापालिकेला किमान तीन लाख लोकसंख्या लागते. तेव्हा नगरपरिषदेची हद्द आणि एमआयडीसीच्या टप्प्यांना लागून असलेली गावं एकत्र करू, पीएमआरडीएचे नियोजनाचे अधिकार तेवढ्या भागापुरते नव्या महापालिकेकडे देऊ, असं काहीतरी त्याला ठरवून सांगावं लागतं. याला ‘मॉडेल’ म्हणतात. मॉडेल अर्थसंकल्पाइतकं बारीक असण्याची गरज नाही. मात्र समोरच्याने ‘म्हणजे काय करणार?’ विचारलं तर हात झटकता येऊ नयेत, इतकं हवं.

काही हुशार मुलं इथेच लबाडी करतात. ‘महापालिका म्हणजे सर्व गावांची समन्वय समिती, एवढाच आमचा अर्थ,’ असं म्हणून ठराव इतका गुळगुळीत करतात की विरोध करायला काही उरतच नाही. या पळवाटेला ‘स्क्विरल’ म्हणतात आणि परीक्षक त्याबद्दल संघाला खाली ओढतात. विरोधी पक्षनेत्याला अशी व्याख्या आव्हान देऊन बदलता येते. पण व्याख्या वाजवी असेल तर ती मुकाट्याने मान्य करून लढायचं, हा संकेत आहे.

आपला पंतप्रधान प्रामाणिक आहे असं धरू. त्याचा मुख्य आधार दहा-पंधरा किलोमीटरवर उभा आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या ग्रामपंचायती एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिची महापालिका. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज यांच्या भोवती वाढलेल्या वस्तीला एकच धनी मिळाला, म्हणून रुंद रस्ते आणि उद्यानं आली. चाकण आज १९७० च्या पिंपरीच्या जागी आहे, असं तो म्हणतो. खोलीत मान डोलते.

आता उठतो विरोधी पक्षनेता. कन्व्हेन्शनल स्पर्धेत तो आपलं लिहिलेलं भाषण सुरू करील. इथे त्याला आधी त्या डोलणाऱ्या मानेचं काहीतरी करावं लागतं. तो म्हणतो, ‘पिंपरी-चिंचवडची श्रीमंती आली कशातून? जकातीतून. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक मालावर महापालिका थेट पैसे घेत होती. २०१३ मध्ये तिथली जकात जाऊन एलबीटी आला, तोही टिकला नाही आणि २०१७ मध्ये जीएसटी. नव्या महापालिकेला तो झरा मिळणार नाही. मग पैसा यायचा घरपट्टीतून, म्हणजे निघोज्याच्या शेतकऱ्याकडून. सरकारी बाजू पिंपरीचा सांगाडा आणते आहे, रक्त आणत नाही.’

याला ‘रिबटल’ म्हणतात. यात आकडेवारीचा पाऊस नाही, आवाज चढलेला नाही. समोरच्याचं उदाहरण उचलून त्याच्यातला आधाराचा दगड काढून घेतला, इतकंच. त्यानंतर तो आपली बाजू मांडतो: उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली, कर आले, सोयी येईनात, म्हणून लोक भांडले आणि २०२४ मध्ये ती गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. उदाहरण ताजं आहे आणि त्याच जिल्ह्यातलं.

या सात मिनिटांत पहिलं आणि शेवटचं मिनिट संरक्षित असतं. मधल्या पाच मिनिटांत विरुद्ध बाजूचा कोणीही उभा राहून प्रश्न देऊ करू शकतो. त्याला ‘पॉइंट ऑफ इन्फर्मेशन’ म्हणतात, सगळे ‘पीओआय’ म्हणतात. पंधरा सेकंदांत प्रश्न संपवायचा. घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याच्या हातात, पण सात मिनिटांत एकही घेतला नाही तर परीक्षक त्याला भित्रा समजतात, आणि चार घेतले तर स्वतःचं भाषण बुडतं. जकातीच्या मुद्द्यावर सरकारी बाकावरून कोणी विचारलं, ‘मग आज एवढ्या कारखान्यांचा कर चार ग्रामपंचायतींत वाटला जातो, तो एका तिजोरीत आला तर कमी कसा पडेल?’ तर खोलीतलं वारं पुन्हा फिरतं. माझ्या मते बीपीतला सर्वांत मराठी भाग हाच. ग्रामसभेत मागच्या रांगेतून येणारा प्रश्न यापेक्षा वेगळा नसतो, फक्त तिथे पंधरा सेकंदांची मर्यादा नसते.

उपपंतप्रधान आणि विरोधी उपनेता यांची कामं पटकन सांगता येतात. आपल्या नेत्याचं पडलेलं भिंताड उचलायचं, समोरच्याचं आणखी एक पाडायचं आणि एखादा नवा मुद्दा जोडायचा. आपल्या सामन्यात समजा उपपंतप्रधानाने कारखान्यांच्या मिळकतकरावर भर दिला, पण पिंपरीचं उदाहरण जकातीशिवाय कसं टिकतं याला हात घातला नाही. विरोधी उपनेत्याने ग्रामसभेचा मुद्दा आणला: आज गावकरी सरपंचाला तोंडावर विचारू शकतो, उद्या प्रभागाच्या नगरसेवकाची वेळ मागावी लागेल.

खरी गंमत उत्तरार्धात आहे. पुढचे दोन संघ ‘क्लोजिंग’चे. ते पहिल्या, म्हणजे ‘ओपनिंग’च्या, संघांच्याच बाजूचे, पण त्यांचे स्पर्धकही. चौघांत पहिला ते चौथा असा क्रम लागतो आणि गुण मिळतात तीन, दोन, एक, शून्य. म्हणजे क्लोजिंग गव्हर्न्मेंटने आपल्याच सरकारला पाठिंबा देत देत त्याच्यावर मात करायची. त्यासाठी ‘एक्स्टेन्शन’ लागतं: पूर्वार्धात न आलेला, पण त्याच बाजूचा नवा विचार. पहिल्या संघाच्या विरुद्ध बोलून चमकण्याचा मोह झाला, तर तो ‘नाइफ’, पाठीत सुरा. महाराष्ट्राचं राजकारण पाहणाऱ्याला हे चटकन कळतं. फरक असा की बीपीत सुरा खुपसणाऱ्याला मंत्रिपद मिळत नाही, शून्य मिळतं.

समजा क्लोजिंग गव्हर्न्मेंटच्या सदस्याने आतापर्यंत कोणीच न घेतलेल्या माणसाला आणलं: नाणेकरवाडी-खराबवाडीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणारा कंत्राटी कामगार. त्याचं मत बहुतेक वेळा त्याच्या मूळ गावी. ग्रामपंचायत इथल्या मूळ मतदारांची, म्हणून त्याच्या सांडपाण्याची आणि पाण्याची निकड तिला भासत नाही. विरोधी बाक ज्या ग्रामसभेचं कौतुक करतो, त्या ग्रामसभेत हा कधी बसलाच नाही. महापालिका झाली म्हणून त्याला लगेच मत मिळेल असं नाही, पण घरबांधणीचं नियोजन आणि पाण्याची योजना ही तिची ठरलेली कामं असतात. त्यासाठी सरपंचाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. हे एक्स्टेन्शन चांगलं आहे, कारण त्याने नवा माणूस आणला आणि त्याच झटक्यात विरोधी उपनेत्याचा सर्वांत गोड मुद्दा निकामी केला.

त्यावर विरोधी सदस्य उठतो आणि खोली चकित होते. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या २४३क्यू अनुच्छेदात एक परंतुक आहे. एखादा उद्योग जिथे नागरी सेवा पुरवत असेल किंवा पुरवणार असेल, त्या भागाला राज्यपाल औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात. तिथे नगरपालिका नसली तरी चालतं. या तरतुदीच्या चर्चेत जमशेदपूरचं नाव नेहमी येतं. सदस्य म्हणतो, चाकणची औद्योगिक नगरी करा, महापालिका कशाला हवी?

शेवटी दोन प्रतोद, ‘व्हिप’. त्यांनी नवं काही आणायचं नाही, विरोधी प्रतोदाने तर मुळीच नाही, कारण त्याच्यानंतर उत्तर द्यायला कोणी उरत नाही. सामना कोणत्या दोन-तीन प्रश्नांवर फिरला आणि प्रत्येक ठिकाणी आपली बाजू का वरचढ, हे सांगायचं. नवख्यांना हे काम रटाळ वाटतं. मला ते सर्वांत अवघड वाटतं, कारण पाऊण तास मन लावून ऐकल्याशिवाय ते करताच येत नाही.

दुसरी एक रचना, आशियाई पद्धत, थोडक्यात सांगून पुढे जाऊ. दोन संघ, तिघे-तिघे, सात मिनिटांची भाषणं, तयारीला अर्धा तास. तीन ठराव दिले जातात आणि दोन्ही संघांच्या पसंतीवरून एक निवडला जातो. शेवटी प्रत्येक संघाचं चार मिनिटांचं ‘रिप्लाय’ भाषण, तेही पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्याने करायचं आणि आधी विरोधकांनी. मराठीत नव्याने सुरुवात करणाऱ्या महाविद्यालयाने हीच पद्धत घ्यावी. दोन बाजू, दोन संघ, आपलं कोण आणि परकं कोण याचा गोंधळ नाही.

परीक्षकाने कोणत्या डोळ्यांनी पाहायचं, याचा नियम बीपीत ठरलेला आहे. रोजचं वर्तमानपत्र वाचणारा, पण कोणत्याही विषयातला तज्ज्ञ नसलेला, पूर्वग्रह बाजूला ठेवणारा नागरिक, अशी त्याने स्वतःची कल्पना करायची. तो भोसरीत राहत असेल आणि रोज नाशिक फाट्यावर तासभर अडकत असेल, तरी तो राग खोलीबाहेर ठेवायचा. वक्त्याने न दिलेलं उत्तर आपल्या पदरचं घालायचं नाही. परीक्षक चर्चा करून एकमताने क्रम लावतात, प्रत्येक वक्त्याला पन्नास ते शंभर यांच्या दरम्यान गुण देतात (पंचाहत्तर म्हणजे सरासरी) आणि मुख्य परीक्षक कारणं तोंडी समजावून सांगतो. हा शेवटचा भाग आपल्या स्पर्धांनी ताबडतोब उचलायला हवा. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ या एका ओळीमागे आपल्याकडे किती आळस लपलेला असतो!

या पद्धतीत दोषही आहेत, आणि त्यांची सर्वांत नेमकी यादी मला एका फार जुन्या ठिकाणी सापडते. न्यायसूत्रांत वाद हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातल्या काही आजच्या खोलीत जशाच्या तशा लागू पडतात. प्रतिवाद्याचं म्हणणं समोर असूनही ते पुन्हा मांडता न येणं हे अननुभाषण. तोंडपाठ भाषण करणारा प्रत्येक जण इथे बाद. समोरच्याने चूक करूनही ती दाखवून न देणं हे पर्यनुयोज्योपेक्षण. काम आठवलं म्हणून वाद मध्येच सोडून जाणं हा विक्षेप, टीव्हीवरच्या चर्चांत तो ‘ब्रेक’च्या नावाने होतो. आपल्यावरचा दोष न काढता ‘तुमच्यातही तो आहेच की’ म्हणणं ही मतानुज्ञा. ही एक जरी आपल्या विधानसभेत लागू केली तरी कामकाज निम्म्या वेळात आटोपेल.

आणि अविज्ञातार्थ: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळत नाही असं बोलणं. आजच्या इंग्रजी स्पर्धांत वेगाची जी शर्यत लागते, सात मिनिटांत अकरा मिनिटांचा मजकूर कोंबतात, तिला सूत्रकारांनी केव्हाच पराभव ठरवून टाकलं आहे. इंग्रजी ही इथली खरी अडचण आहे. निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला नांदेड किंवा सांगोल्याहून आलेला मुलगा हा चाकणचा ठराव मराठीत फोडून काढील, पण ‘डिबसॉक’च्या, म्हणजे महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाच्या, पहिल्या इंग्रजी बैठकीनंतर तो पुन्हा येत नाही. संसदीय पद्धत इंग्रजीतच खेळली पाहिजे असं तिच्या कोणत्याही नियमात नाही. चार जोड्या, एक मोबाइलवरचं घड्याळ आणि कारणं सांगायला तयार असलेले तीन परीक्षक एवढ्यावर ती मराठीत उद्या सुरू होऊ शकते.

आता आपल्या सामन्याचा निकाल. पहिलं क्लोजिंग गव्हर्न्मेंट: भाडेकरू कामगाराला विरोधी बाकावरून कोणी उत्तर दिलं नाही. दुसरं ओपनिंग ऑपोझिशन: जकातीचा मुद्दा शेवटपर्यंत उभा राहिला, पण ग्रामसभेचा पडला. तिसरं ओपनिंग गव्हर्न्मेंट: पिंपरीचं उदाहरण आणलं तेच, सांभाळलं नाही. चौथं क्लोजिंग ऑपोझिशन. संविधानाचा अनुच्छेद सांगणारा, आठ जणांत सर्वांत जास्त वाचलेला वक्ता शेवटच्या संघात. परीक्षकाने त्याला दोन कारणं दिली. पर्यायी योजना मांडायची तर ती विरोधी पक्षनेत्यानेच पहिल्या भाषणात मांडायची असते. सहाव्या वक्त्याने आणली तर तिला तपासायला सामनाच उरत नाही. आणि औद्योगिक नगरीत लोकनियुक्त सभागृह नसतं, म्हणजे आपल्याच बाजूच्या पहिल्या संघाने ज्या ग्रामसभेसाठी जीव टाकला तिलाच हा सुरा लागला. मुलगा म्हणाला, ‘पण सर, मुद्दा खरा आहे ना?’ परीक्षक म्हणाले, ‘खरा आहे. पुढच्या वेळी तुमची चिठ्ठी ओपनिंगची निघाली, तर तिसऱ्या मिनिटाला मांडा.’